पोत्यावरचे केस

कासारवाडी, रविवार, १२ फेब्रुवारी १९५६

आज संध्याकाळी टिप्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तसाच बसून राहिलो. दिवाळीत या कुत्र्याच्या पाठीवर नुसती कोरडी, भेगाळलेली कातडी होती. खरूज समजून मी कारखान्यातलं जळकं तेल चोपडत होतो, आणि खायला आमच्या कोकणातल्यासारखा रोज शिळा भात. शेवटी त्याला नदीपलीकडे सोडायचं ठरवलं. न्यायला पोतंही आणलं.

शेजारच्या भागूमावशींनी ते पोतं पाहिलं. म्हणाल्या, "खरूज न्हाई ही. नुसत्या भातावर कातडं कुठनं चमकंल? वरनं चोपडू नगंस, प्वाटात घाल." त्यांनी जवसाची चटणी कुटून दिली, तिखट-मीठ न घालता. ती चमचाभर भाकरीत कुस्करायची, अधूनमधून एक अंडं. एवढंच. मी मनात हसलो होतो.

आणि आता पाठभर हे केस. एवढ्याशा दाण्यांतून इतकं काळं, इतकं मऊ कुठून आलं? कुठलंही यंत्र मी उघडून समजावून सांगेन. हे मला कोण उघडून दाखवणार?

टिप्या हल्ली त्याच पोत्यावर झोपतो. मघाशी ते झटकायला उचललं, तर त्याला काळे चकचकीत केस चिकटलेले. झटकवेना. तसंच परत अंथरलं.