काकांची जुडी

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. यात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही. चहा करून घे, दाराशी बस आणि शेवटपर्यंत वाच.

तू तपासायला पाठवलेली पिवळी पडलेली वॉटरक्रेस, आपली ओढ्यातली पालेभाजी, मिळाली. ओल्या गोणपाटातून ती बाहेर काढली आणि आपल्या ओढ्याचा वास टेबलभर पसरला. बाबा आणि ओढ्याच्या वरच्या वळणावरचे काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाफे बांधायचे आणि आपण पाण्यात दगड टाकून त्यांचं काम वाढवायचो, ते आठवलं. कान तुझाच पिरगळला जायचा. काकांची पकड काय होती रे! नंतर खिशातून शेंगदाणेही तेच काढायचे.

प्रयोगशाळेतलं माझं काम तसं साधंच. आजारी पान खलायचं, निरोगी रोपाच्या पानावर ओरखडे पडावेत म्हणून बारीक भुकटी भुरभुरायची आणि त्यावर तो रस बोटाने हलकेच चोळायचा. मग वाट बघायची, पानं पिवळी पाडणाऱ्या या विषाणूची लागण कोणत्या झाडाला होते आणि कोणाला नाही. टोमॅटो, काकडी यांनी दाद दिली नाही. मोहरी, मुळा, कोबी मात्र आजारी पडले. वॉटरक्रेस त्यांच्याच गोतावळ्यातली, हे तुला ठाऊक आहेच. त्याच गोतावळ्यातलं आणखी एक झाड माझ्या खिडकीत होतं. मागच्या खेपेला आपल्या बांधावरून आणलेलं, आईने लावलेल्या जांभळ्या फुलांपैकी एक.

त्यावर मला काही चोळावंच लागलं नाही. पानं हिरवीगार, फुलं टवटवीत, तरी त्याचा रस निरोगी भाजीला लावला आणि ती पिवळी पडली. मी पुन्हा करून पाहिलं, मग प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या बाईंकडून करवून घेतलं. तेच आलं. आईची फुलं वरून ठणठणीत आहेत आणि आत विषाणू बाळगून आहेत. त्यांच्यावरची मावा कीड उडून तुझ्या भाजीवर बसते आणि रोग सोबत नेते. आई गेली तेव्हाही मी सगळ्यांसमोर धीराने वागले होते, पण हे कळल्यावर भांडी धुण्याच्या बेसिनशी उभी राहून रडले.

म्हणजे रोग वरून, काकांच्या वाफ्यांतून, पाण्याने आलाच नाही. भर बाजारात तू काकांना म्हणालास ना, की तुम्ही तुमची घाण आमच्या वाफ्यात सोडता? त्यानंतर काका इथे आले होते. तुला सांगायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती, ती मी आज मोडतेय. एवढा लांबचा प्रवास करून आले, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली त्यांच्या भाजीची जुडी. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. म्हणाले, "पोरी, आधी माझं बघ. दोष माझा निघाला तर सरळ सांग, झाकू नकोस." जुडीतल्या चार काड्या मी तपासायला घेतल्या आणि उरलेल्या टाकवेनात म्हणून ट्रेमध्ये लावल्या. आता त्या दाट फुटल्या आहेत. त्यांच्यात रोगाचा मागमूस नाही.

ही बातमी द्यायला काल त्यांना फोन केला. काकूंनी उचलला. काकांनी स्वतःचे सगळे वाफे उपटून भाजी जाळून टाकलीय, धाकट्या. तू त्या वाटेने जात नाहीस, म्हणून तुला कळलं नसेल. निकाल येईपर्यंत तरी थांबा, असं काकू विनवत होत्या. ते म्हणाले, "पाणी थोडंच थांबतंय? तोवर पोराचं पीक जाईल." आता त्या ओढ्यावरची निरोगी भाजी म्हणून जी काही उरली आहे, ती माझ्या ट्रेमध्ये आहे. शनिवारी ती घेऊन येतेय. आधी बांधावरची फुलं आणि तुझी आजारी भाजी आपण दोघं मिळून उपटू. फुलांना एकट्याने हात लावू नकोस, तुला जमणार नाही आणि मलाही जमलं नसतं. मग ट्रे तू उचलायचास आणि वरच्या वळणावर न्यायचास. पहिली काडी काकांच्या वाफ्यात, तुझ्या हाताने. तुझे वाफे नंतर, काकांनी दिली तर. कान पिरगळलाच तर मान हलवू नकोस.

तुझीच,
ताई