बँक सोमवारी उघडते

हॅम्बुर्ग
२२ सप्टेंबर २०२४

ती. मंजुषाअक्कास,

अमरेशचा नमस्कार. मी बरा आहे. इथे थंडी सुरू झाली. अप्पांचा मफलर इथेच राहिला, पार्सलने पाठवतो. अक्षराचा निकाल काय लागला ते कळव.

फोनवर बोलणं जमत नाही. तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि अप्पा शेजारच्या खोलीत असतात. म्हणून लिहितो.

घरी परतल्यावर अप्पांना सलाईन लावावी लागली, हे तू मला तीनदा सांगितलंस. ऐकलं. आता माझंही ऐक. अप्पा इथे येणार म्हणून मी तीन आठवड्यांची रजा काढली होती. काय काय दाखवायचं त्याची दोन महिने आधी यादी केली होती. इथे तिकिटांवर वेळ असते. अकरा दहा म्हणजे अकरा दहा. अप्पांना सकाळच्या पूजेला तास लागतो. रोज मी बूट घालून दारात उभा.

बंदर दाखवलं. म्हणाले, "विष्णुपुरीला धरणाचं पाणी सोडल्यावर असंच दिसतंय की." नदीखालचा बोगदा दाखवला. "वरून पूल असताना खालून कशाला जायचं?" एका बागेत विचारलं, "तू रोज इथं येतोस का?" मी म्हणालो, वेळ कुठे असतो. "मग मला कशाला आणलास?"

हसू नकोस. सात दिवस मी हेच ऐकत होतो.

शुक्रवारी एका संग्रहालयात गेलो. दारात विमानतळासारखी तपासणी होती. अप्पा गळ्यातलं इष्टलिंग काढायला तयार नव्हते. मागे रांग. मी म्हणालो, "अप्पा, ठेवा ट्रेमध्ये. मी घेतो." त्यांनी चांदीची डबी दोऱ्यासकट काढून ठेवली. मी पट्टा घेतला, फोन घेतला, त्यांचं पाकीट घेतलं. संध्याकाळी त्यांनी अंघोळ करून पूजेसाठी हात पुढे केला तेव्हा माझ्याकडे डबी नव्हती.

अप्पा सगळ्यांना सांगतात की लिंग त्यांच्याच हातून हरवलं. तसं झालेलं नाही.

शनिवारी सकाळी दोघं परत तिथे गेलो. काउंटरवरच्या बाईनं वर्णन विचारलं. चांदीची डबी, आत काळं, जांभळाएवढं. तिनं अर्जात 'दागिना' असं लिहिलं. मी दुरुस्त केलं नाही. डबी मिळाली नाही.

लिंग नाही तर अन्न नाही. पाणी तेवढं घेत होते. मला म्हणाले, "तू नाश्ता करून घे. तुला कशाला उपास?" मी त्यांच्यासमोर पाव खाल्ला. राग आला होता म्हणून खाल्ला.

तू मागच्या फोनवर विचारलंस, "अरे, तुझं लिंग होतं ना? तू पूजा करून त्यांना तीर्थ द्यायचंस, ते जेवले असते. एवढंही सुचलं नाही?" तेव्हा मी आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज येत होता.

अप्पांना ते शनिवारी दुपारीच सुचलं होतं. म्हणाले, "तुझं काढ. तू पूजा कर, मी तीर्थ घेतो. गावी गेल्यावर स्वामींकडून नवं बांधून घेतो."

मी म्हणालो, "बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय."

"गळ्यात न्हाई?"

"इथे चोऱ्या होतात, अप्पा."

"मग चल बँकेत."

"बँक सोमवारी उघडते."

त्यांनी बोटांवर मोजलं. "परवाच की. चालतंय." आणि आडवे झाले.

लॉकर नाही, अक्का. माझं या देशात कुठल्याच बँकेत लॉकर नाही.

रविवारी त्यांच्याबरोबर घरात बसवेना, म्हणून मी त्यांना तलावातल्या बोटीवर नेलं. तिकिटं काढलेली होती. अठ्ठेचाळीस तास उपाशी माणसाला मी तलाव दाखवत होतो. केळं सोलून पुढे केलं. त्यांनी नको म्हणून हात हलवला. मी ओरडलो. "एका दगडासाठी जीव द्यायचाय का?" बोटीवरचे लोक वळून बघायला लागले.

अप्पा म्हणाले, "हळू बोल. लोकांना वाटंल आपण भांडून राहिलो."

सोमवारी आठ वाजता ते तयार होते. अंघोळ झालेली, कपाळाला विभूती, पायात बूट. पहिल्यांदाच माझ्या आधी. तेव्हा मी सांगितलं.

त्यांनी खाली बसून बूट काढले. मग म्हणाले, "कधी काढलास?"

"हॉस्टेलवर. पोहायला शिकताना."

"परत बांधला न्हाईस?"

"राहून गेलं. मग राहिलंच."

"कुठं हाय?"

"माहीत नाही."

मला वाटलं, दगड म्हणालो त्याबद्दल बोलतील. ते म्हणाले, "शनिवारीच सांगायचं व्हतं. शनिवारीच निघालो असतो."

त्या रात्रीचं विमान मिळालं. तुम्ही हैदराबादहून त्यांना सरळ उदगीरला मठात नेलंत, नवं लिंग बांधलं, मग ते जेवले. चार दिवस. त्यातले दोन लॉकरचे.

विमानतळावर त्यांनी मला सांगितलं, "घरी येत जा. घर तुझंच हाय. पण माझ्या पंगतीला बसू नको. लिंग न्हाई त्याच्यासंगं मी जेवत न्हाई, तुला ठाऊक हाय. कुणाला काही सांगत न्हाई मी."

त्यांनी शब्द पाळला. तुला वाटलं असेल, मुलाच्या घरी गेले आणि वेंधळेपणा करून आले. तसं वाटू देऊ नकोस.

आता तू म्हणशील, मठात जा, एक बांधून घे, मिटलं. बांधलं तर अप्पा शेजारी बसवतील. विचारणारही नाहीत. पण मी पूजा करणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. गळ्यात घालून त्यांच्याशेजारी घास घ्यायचा म्हणजे दुसरं लॉकर.

पत्र त्यांना दाखवायला हरकत नाही.

दिवाळीला येतो. घाईत तू विसरशील म्हणून आधीच लिहितो. अप्पांचं ताट आत मांड, माझं बाहेरच्या खोलीत. मुलांनी विचारलं तर खरं कारण सांग.

तुझा,
अमरेश