तळहात पुसण्याची खूण

अप्पा, काल कॉलेजातल्या एक बाई वही घेऊन माझ्या नांदेडच्या घरी आल्या. गुरांच्या बाजारातल्या हेड्यांचे, म्हणजे तुम्हा दलालांचे, शब्द गोळा करताहेत. कॉन्व्हेंटात सिस्टरना मी "वडील व्यापारी आहेत" एवढंच सांगायचे; त्या धंद्याचं आता पुस्तक होणार. सांगितलं मी. दुधाचे दात असलेला बैल आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. बोली तोंडानं नाही, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून. बाई इतक्या खूश झाल्या, जणू तुम्ही कुणी पंडित होतात.

ती बोटं मला तुम्हीच शिकवलीत, मांडीवर बसवून, माझ्या एवढ्याशा हातावर तुमचा रुमाल टाकून. आणि सौदा मोडायचा असेल तर समोरच्याची मूठ उघडून तळहात अंगठ्यानं पुसायचा. ती तुमची स्वतःची खूण.

मग उदगीरच्या घरी मला बघायला पाहुणे आले. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी, आणि मुलाचा मामा, तुमच्याच बाजारातला, तुमच्या हातावर रुमाल टाकतो. "खरं सांगा पाव्हणं, माल दुसा हाय का चौसा? लई शिकवून ठिवलाय, गाडीला चालंल न्हवं?" बैठक हसते. मी रुमालाकडे बघते आहे. पुसा, अप्पा, त्याचा हात पुसा. रुमाल हलतो, थांबतो. "चालंल की! न चालून जाती कुटं?" म्हणता तुम्ही, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसता.

नऊ वर्षं चालले. मग माहेरी परत आले, शाळेत नोकरी केली, रिटायर झाले. त्या नऊ वर्षांसाठी तुम्हाला एक शब्द सापडला नाही. बैलाच्या दातांसाठी मात्र ढीगभर होते.

शेवटी लातूरच्या दवाखान्यात तुमची वाचा गेली. तुम्ही माझा हात चादरीखाली ओढलात, मूठ उघडलीत आणि तळव्यावरून अंगठा फिरवलात. पुन्हा फिरवलात. आई म्हणाली, "काय म्हणायलेत गं?" मी म्हणाले, "काही नाही. डोक्यात बाजार भरलाय त्यांच्या." तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी हात सोडवून घेतला आणि नळावर जाऊन साबणानं धुतला.

काल बाईंनी विचारलं, "आणखी एखादी खूण?" नाही म्हटलं. हा कागदही त्यांना द्यायचा नाही, कुणालाच नाही.

मला कळलं होतं, अप्पा. तेव्हाच.