आधी उलटा फेरा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा बंदुका दुरुस्त करण्याचा, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डॉक्टरांनी मला तपासलं आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हृदय थकलं आहे, पण डोक्याचा एकही आटा ढिला नाही. दाखल्यावर त्यांनी हेच जरा सभ्य शब्दांत लिहिलं आहे. दाखला सोबत जोडला आहे.

१. दुकानावरच्या दोन खोल्या, सामानासह, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. बँकेत असेल तेही तिलाच. भावाचं आणि माझं बोलणं बंद असताना ही पोरगी दोन्ही घरी जेवली आणि इकडचं तिकडे कधी केलं नाही. मोरीतला नळ गळतो. वॉशर बदलूनही गळतो, तेव्हा तिने सरळ नवा बसवावा.

२. दुकानाची पाटी. वडिलांनी 'बंदुकीचे चोक साफ करून मिळतील' असं लिहायला सांगितलं होतं. पाट्या रंगवणाऱ्याने 'बंदुकीचे चोख साफ करून मिळतील' असं रंगवलं. वडील म्हणाले, राहू दे, खोटं काही नाही त्यात. मी मात्र त्याला आजतागायत टोमणे मारत आले. पाटी त्यालाच द्यावी. घरात टांगून रोज वाचावी.

३. हत्यारं, म्हणजे माझी अवजारं, भाचीला. बंदुका गिऱ्हाइकांच्या आहेत, त्या ज्याच्या त्याला परत कराव्यात. भाचीला काम येतं, तरी लिहून ठेवते, कारण शिकलेलं विसरायला एक घाई पुरते.

चोक म्हणजे छऱ्याच्या बंदुकीच्या नळीत तोंडाशी बसणारा, काढता-घालता येणारा पोलादी तुकडा. छरे किती पसरायचे ते तो ठरवतो. काढण्याआधी बंदूक रिकामी आहे का ते बघावं. मग पुन्हा बघावं. काढलेला चोक सॉल्व्हेंटमध्ये भिजत ठेवावा, म्हणजे आत चिकटलेलं शिसं आणि प्लास्टिक सुटतं. बाहेरचे आटे जुन्या दात घासायच्या ब्रशने घासावेत. नळीच्या आतले आटेही तितकेच घासावेत. तिथे बहुतेकांचा आळस नडतो. कोरडं पुसून आट्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवावा. पोळीला तूप लावल्यासारखं थापू नये.

बसवताना चोक आवळायच्या चावीला हात लावायचा नाही. बोटांनी धरायचा आणि आधी उलटा फिरवायचा. आट्यात आटा बसला की बारीक टक् होतं. ते ऐकल्यावरच सुलटा फिरवायचा, पार बसेपर्यंत. शेवटी चावीने नुसता बेताचा आवळायचा. वडिलांनी आम्हा दोघा भावंडांना हे एकाच दिवशी शिकवलं. भावाच्या हातात ते इतकं मुरलं की बरण्यांची झाकणंही तो आधी उलटी फिरवतो.

४. आता जे लिहायला बसले ते.

सतरा वर्षांपूर्वी नेमबाजी क्लबच्या चिटणीसांची बंदूक आमच्याकडे आली. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. भावाने चोक साफ करून फडक्यावर मांडले आणि तो जेवायला गेला. मी घाईत होते. उलटा फेरा न देताच चोक लावला. दीड फेऱ्यात तो अडकला, तेव्हा चावी घालून जोर केला. आटा चुकलाय हे माझ्या हाताला कळलं होतं. तरी बसेल म्हणाले आणि बंदूक देऊन टाकली.

तिसऱ्या बाराला नळीचं तोंड फुगलं आणि फाटलं. इजा कुणाला झाली नाही. चिटणीस चार सभासद घेऊन दुकानात आले आणि काम कुणाचं म्हणून विचारलं. मी म्हणाले, "चोकचं काम धाकटा बघतो." यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी ते धादांत खोटं होतं.

भाऊ म्हणाला, "ताई, तो मी बसवला नव्हता."

मी म्हणाले, "मग काय आपोआप बसला?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. त्याने अंगातला एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि तो गेला. एप्रन अजून तिथेच आहे.

याच्या हातचं काम कुणी घेऊ नये, अशी चिठी क्लबच्या फळ्यावर लागली. तो शिलाईची मशिनं दुरुस्त करू लागला. लोकांनी त्याला 'फुग्या' नाव ठेवलं. भाची शाळेत 'फुग्याची पोर' म्हणून रडत आली, तेव्हा मी तिला गोळ्या दिल्या आणि मूग गिळून बसले. मला त्याची लाज वाटते.

पुरावा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. तोच फाटका चोक. पहिले दोन आटे चेचलेत आणि चावीच्या खाचा ओरबाडल्यात. चावी घालून सुरुवात करणारा माणूस आमच्या दुकानात एकच होता, आणि तो मी.

५. दुकान निम्मं भावाला, निम्मं भाचीला, असं मी आधी लिहिलं होतं. वकीलबाईंनी वाचून विचारलं, "हे तो वाचेल तेव्हा तुम्ही नसणार. ते सोयीचं वाटतं का तुम्हाला?" मी उठून बिस्किटांचा डबा काढला. तो आणि हे कागद भाचीकरवी भावाकडे पाठवले.

गुरुवारी तो आला. दिव्याखाली चोक फिरवून फिरवून पाहिला. साक्षीदार कोण आहेत, एवढं वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, एक पाट्या रंगवणारे आहेत, पाटी हुकली तरी चालेल म्हणतात, दुसरा ठरायचाय. पण तुम्ही होऊ नका, साक्ष देणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. शिवाय साक्ष सहीची असते, मजकुराची नव्हे.

"चालेल," तो म्हणाला. "दुकान पोरीला राहू द्या. मला ह्याच्याखाली माझी सही पाहिजे."

वकीलबाईंचं पेन घेऊन त्याने आपला हिस्सा स्वतःच खोडला. खाडाखोड चालत नाही, म्हणून हे पान मी पुन्हा लिहिलं आहे. दुकान आता पूर्ण भाचीचं. चौथ्या कलमाची प्रत क्लबच्या फळ्यावर लावायला उद्या मी स्वतः जाणार आहे, माझ्या मरणासाठी ती थांबायला नको.

खोडून झाल्यावर त्याने पेनाचं टोपण लावलं. आधी उलटं फिरवलं, टक् झाल्यावर सुलटं. तेव्हा मला रडू आलं, हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते.

ठिकाण: दुकानातलं पुढचं टेबल
दिनांक: ११ मार्च, सकाळी दहा

लिहून ठेवणारी: (सही) थोरली बहीण

हिने आमच्यासमोर सही केली, आम्ही हिच्यासमोर केली:
१. (सही) पाट्या रंगवणारा
२. (सही) धाकटा भाऊ