‘जिल्हा ते जग’चा नियमित वाचक

४ सप्टेंबर, रविवार

आजपासून संकल्प. दर रविवारी सकाळी ‘जिल्हा ते जग’. देशाचं आणि परदेशाचं धोरण जनतेला सोप्या भाषेत समजावून सांगायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर. विधान परिषदेचा आमदार म्हणजे मागच्या दाराने आलेला, असं लोक म्हणतात. म्हणू देत. मागच्या दाराने घरचीच माणसं येतात. आपली नजर दिल्लीवर आहे, आणि दिल्लीला विचार करणारा माणूस लागतो.

पहिल्या अंकात युक्रेनचा प्रश्न दीड पानात सोडवला.

कुसुमला वाचून दाखवला. ती म्हणाली, आधी आपल्या गल्लीतल्या नालीचं बघा. घरातून विरोध होणं हे मोठ्या माणसाचं लक्षण आहे.

५ सप्टेंबर

अनुपने आज एक गोष्ट दाखवली. (अनुप माझा पीए. हुशार, पण उत्साह कमी.) ग्रुपवर आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं की तो कोणी कोणी वाचला ते दिसतं. दाखवायला नको होतं. ग्रुप भरगच्च, नगरसेवक, सरपंच, मास्तर, सगळे. वाचणारा एक. अंकुश. अंगठाही त्याचाच.

अंकुश आपला शहरातला कार्यकर्ता. बसस्टँडजवळ त्याने परदेशी नोकरीचं मार्गदर्शन केंद्र काढलं आहे. उन्हाळ्यात फीत मीच कापली. असे आणखी चार अंकुश निघाले तर जिल्ह्यातली पोरं कुठल्या कुठे जातील.

११ सप्टेंबर, रविवार

दुसरा अंक. कनकीची, म्हणजे तुकडा तांदळाची, निर्यात सरकारने बंद केली, त्याचा जागतिक अर्थ. राइस मिलवाल्यांचे फोन येतील म्हणून मोबाइल चार्ज करून ठेवला. एक आला. चुलत साळ्याचा, तेरवीचं जेवण सांगायला.

अंकुशचा अंगठा लगेच आला. पोरगा झोपतो की नाही देव जाणे.

१३ सप्टेंबर, मंगळवार

करडीहून मंगलाबाई आल्या, पहिल्या एसटीने. मुलगा संघपाल, बी.कॉम. झालेला. अंकुशच्या केंद्रातून बँकॉकला कॉम्प्युटरच्या नोकरीला गेला. तिथे उतरताच त्याला गाडीत घातलं, दिवसभर नेलं, होडीने एक नदी पार केली आणि पलीकडच्या देशात उंच भिंतीच्या आवारात कोंडलं. पासपोर्ट काढून घेतला. फोनवर गोड बोलून लोकांना लुबाडायचं, हे काम. नाही केलं की मारतात. आठवड्यातून एकदा, कोणी बघत नसलं तर, आईला फोन करतो.

मंगलाबाई म्हणाल्या, अंकुशले मी कोठून वळखनार जी, पेपरात फीत कापताना तुमचा फोटो पायला म्हनून पोराले धाडलं.

पेपरातला फोटो खेड्यापाड्यात लक्षात राहतो हे कळून बरं वाटलं. त्यांना म्हटलं, बाई, परराष्ट्र हा माझाच विषय आहे, चिंता सोडा. पिशवीभर शिंगाडे ठेवून गेल्या.

अंकुशला फोन केला. तो हसला. ट्रेनिंग हाय भाऊ, सुरुवातीले पोरं रडतातच, तुमी कायले टेन्शन घेऊन राहिले, म्हणाला. पटलं. नागपूरला होस्टेलवर पहिल्या आठवड्यात मीही रडलो होतो.

शिंगाडे गोड निघाले.

१६ सप्टेंबर

दूतावासासाठी पत्र लिहायला घेतलं. अनुपचं म्हणणं, इमेल करा, दोनच ओळी पुरे, नाव, पासपोर्ट नंबर आणि पोरगा कुठे आहे ते. लोकप्रतिनिधीचं पत्र दोन ओळींचं असेल तर समोरचा काय समजेल? सुरुवात जिल्ह्याच्या ओळखीपासून केली. वैनगंगा, पितळी भांडी, तलाव. गोंदिया वेगळा झाला तिथपर्यंत आलो आहे.

पासपोर्टची झेरॉक्स अंकुशच्या केंद्रात आहे म्हणून मागितली. म्हणाला मशीन बिघडली. मग विचारलं, कायले पाहिजे? सगळं सांगितलं. आपल्याच माणसापासून काय लपवायचं?

१८ सप्टेंबर, रविवार

तिसरा अंक, घसरता रुपया. एक अंगठा.

मंगलाबाई ऑफिसच्या बाकावर होत्या. या आठवड्यात मुलाचा फोन आला, पण कोणीतरी बाजूला उभं असल्यासारखा बोलला म्हणे. सगळं ठीक आहे, जेवण चांगलं आहे, असं म्हणाला. मी म्हटलं, बघा, जेवण चांगलं आहे. आमच्या घरी भाजी कोंती होती, हे तो दर बारी इचारते, म्हणाल्या, या बारी नाही इचारलं.

पत्रासाठी भारत-थायलंड संबंधांवर एक पुस्तक मागवलं आहे.

२२ सप्टेंबर

अंकुश घरी येऊन गेला, मिठाईचा डबा घेऊन. पत्र कुठवर आलं, विचारत होता. पाठवू नका भाऊ, माझी वर बोलणी चालू आहेत, पत्र गेलं की ते लोक बिथरतात, म्हणाला. अनुभवी माणूस.

तो गेल्यावर कुसुम म्हणाली, यानं पोरगा कसा आहे ते एकदाही विचारलं नाही, त्याची माय काय काय बोलते तेवढंच विचारलं. डबाही उघडू दिला नाही तिने. कुसुमला माणसं ओळखता येत नाहीत. मला ओळखून लग्न केलं तेवढा अपवाद.

२५ सप्टेंबर, रविवार

चौथा अंक, शेजारी राष्ट्रांशी कसं वागावं. चांगला उतरला. सगळे पितृपक्षात गुंतलेले, वाचणार कोण? अंगठा आला.

पुस्तक आलं नाही, म्हणून पत्र थांबलं आहे. संघपालचा फोनही नाही. मंगलाबाई रोज येतात. बाकावर बसून असतात. त्यामुळे मला लिहिताना डिस्टर्ब होतं, पण जनतेला दार बंद करायचं नाही हे तत्त्व.

२८ सप्टेंबर, बुधवार

आनंदाची बातमी! संघपाल सुटला!

मंगलाबाईंनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्याला दुसऱ्या आवारात नेत होते, तेव्हा गाडीतून उडी टाकून मक्याच्या शेतात शिरला. पळत पळत नदीकाठच्या एका बौद्ध विहारात पोचला. तिथल्या भंतेंना ना हिंदी येते ना इंग्रजी. हा घाबरलेला, पायात चप्पल नाही. काय बोलावं सुचेना म्हणून हात जोडून त्रिशरण म्हणायला लागला. करडीच्या विहारात लहानपणी पाठ केलेलं. पहिली ओळ झाली आणि म्हाताऱ्या भंतेंनी पुढची ओळ म्हटली. मग त्याला आत घेतलं, जेवू घातलं, स्वयंपाकघराच्या मागे चटई टाकून दिली.

मंगलाबाई सांगताना हसल्या, मग पदर तोंडावर धरला. मला खरंच गहिवरून आलं. ही पाली भाषा, हा आपला वारसा, हद्दी ओलांडून जाणारा! याला म्हणतात सॉफ्ट पॉवर.

जाताना बजावून गेल्या, कोनालेच सांगू नोका साहेब, मोटरसायकलवाले त्याले गावोगाव शोधून राहिले.

संध्याकाळी कळलं की अनुपने मला न विचारता दूतावासाला इमेल केला. दोन ओळींचा. उत्तरही आलं. त्यांची माणसं पुढच्या गुरुवारी विहारात पोचतील, तोवर मुलाने बाहेर पडू नये आणि जागेबद्दल कुठेही वाच्यता करू नये. माझं पत्र जोडलं असतं तर बुधवारीच पोचली असती.

१ ऑक्टोबर

उद्याच्या अंकाला विषय सुचत नाही. म्हणजे एक सुचला आहे, पण तो लिहायचा नाही. शब्द दिला आहे.

तरी किती सुंदर विषय आहे!

२ ऑक्टोबर, रविवार

लिहिला. नाव दिलं नाही, गुप्तता पूर्ण पाळली. ‘करडीचा एक तरुण’ एवढंच. बाकी नदीकाठ, मक्याचं शेत, सोनेरी कळसाचं छोटं विहार, स्वयंपाकघरामागची चटई, सगळं चित्र उभं केलं आहे. आजवरचा सर्वोत्तम अंक. जनतेला चांगली बातमी द्यायची नाही तर लोकप्रतिनिधी कशाला झालो? आणि वाचतं तरी कोण?

अंकुशने वाचला. अंगठा, आणि पहिल्यांदाच अभिप्राय. एक नंबर भाऊ, डोळ्यात पाणी आलं, कोणतं विहार, भंतेजींचा सत्कार करू. संघपालने आईला पाठवलेला विहाराचा फोटो माझ्याकडे होता, तो त्याला पाठवला. फोटोत दारावर पाटी आहे, तिथल्या लिपीत. मला वाचता आली नाही. अंकुशला आली असावी, कारण नंतर त्याने काही विचारलं नाही.

सत्काराला पितळी समई द्यावी. ठठेरी गल्लीत सांगून ठेवतो.

३ ऑक्टोबर

अनुपने आज अंक वाचला. पहिल्यांदा वाचला, यावरून त्याची निष्ठा दिसते. तसाच धावत घरी आला, गाडीचं स्टँडही न लावता. काढून टाका म्हणाला, आत्ताच्या आत्ता. आवाज चढलेला होता. पीएने असं बोलू नये.

काढून टाकला. वाचणारा एकच होता, तोही आपला माणूस, हे त्याला समजावून सांगितलं. कुसुम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोटो पण पाठवला का, तिने विचारलं. मी म्हटलं, ते खासगी आहे.

५ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला येणाऱ्यांत दरवर्षी अंकुश पहिला असतो. दुपार झाली तरी नाही. फोन बंद. नागपूरला गेला असेल, आज सगळेच जातात.

मंगलाबाई मात्र गेल्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष दीक्षाभूमी चुकली नव्हती म्हणे. आज आमच्या बाकावर, मांडीवर मोबाइल ठेवून. काल संध्याकाळपासून संघपालचा फोन लागत नाही. मी म्हटलं, विहारात रेंज नसेल. काल होती जी, म्हणाल्या.

कुसुमने त्यांना पुरणपोळी वाढली. त्यांनी अर्धी खाल्ली आणि अर्धी कागदात बांधून पिशवीत ठेवली.

उद्या गुरुवार. उद्या दूतावासाची गाडी पोचते. सगळं सुरळीत होईल. मग सविस्तर अंक काढायचा, नावासकट.

६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी मंगलाबाईंच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला, संघपालच्या नंबरवरून. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. पडद्यावर म्हातारे भंते. काहीतरी बोलले, कोणालाच कळलं नाही. मग त्यांनी मोबाइल फिरवला. स्वयंपाकघर. त्यामागची भिंत. चटई. चटईवर कोणी नव्हतं. मोबाइल तिथेच पडलेला मिळाला असावा. भंतेंनी हात जोडले आणि जोडूनच ठेवले. मंगलाबाईंनीही जोडले.

दूतावासाची माणसं दुपारी पोचली. त्यांनी कळवलं, मंगळवारी संध्याकाळी एक जीप आली होती. ते लोक दारात कोणाला काही विचारायला थांबले नाहीत, सरळ स्वयंपाकघराच्या मागे गेले.

कदाचित वेगळे लोक असतील. कदाचित आमचेच असतील, लवकर आलेले.

७ ऑक्टोबर

बसस्टँडजवळून गाडी वळवून नेली. अंकुशच्या केंद्राला कुलूप. पाटी काढून नेली आहे. जिथे फीत बांधली होती ते दोन खिळे तेवढे दिसतात.

अनुप मंगलाबाईंना घेऊन ठाण्यात गेला. मीही जाणार होतो. पण तो पेपरातला फोटो आहे, त्यात कात्री माझ्या हातात आहे, उगाच तपासाची दिशा भरकटली असती. एसपी साहेबांना वरून फोन करतो म्हटलं. अनुप म्हणाला, करा. अजून लागला नाही. लावला नाही. उद्या लावतो.

कुसुमने जेवायला वाढलं आणि आत निघून गेली. मला भीती वाटते आहे. कशाची ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मंगळवारची संध्याकाळ डोळ्यासमोरून जात नाही, आणि ती मी पाहिलेलीही नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

आज अंक काढायचा नव्हता. प्रकृती बरी नाही असं ग्रुपवर टाकणार होतो.

मंगलाबाई आल्या. बसल्या नाहीत. शिव्या देतील असं वाटलं. उत्तर तयार होतं, पहाटेपासून जुळवलेलं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. आज आइतवार हाय ना साहेब, म्हणाल्या, मंग तुमचं ते काढा. त्याच्यात लिवा, माह्या पोराले सोडून द्या म्हना. बाकी कोनी नाही तं नाही, अंकुश वाचते ना तुमचं.

हे त्यांना कोणी सांगितलं, अनुपने की कुसुमने, विचारलं नाही.

लिहायला बसलो. आज परराष्ट्र नाही, धोरण नाही. संघपालला सोडा, त्याची आई इथे बसून आहे. एवढंच. दोन ओळी झाल्या. टाकलं.

मंगलाबाई टेबलाजवळ उभ्याच होत्या. मेसेजवर बोट दाबून धरलं. थोड्या वेळाने नाव आलं, एकच. अंगठा आला नाही. वाट पाहिली, नाही आला.

वाचलं का जी त्यानं, त्यांनी विचारलं. वाचलं, म्हणालो. तेव्हा त्या बाकावर जाऊन बसल्या. अजून बसल्या आहेत.