ताईची कवळी आणि विमानाचं कार्ड

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त मनातल्या मनात.) इकडे आम्ही दोघं ठीक, म्हणजे तक्रार करता येण्याइतपत ठीक आहोत. तुझं ठीक नाही हे भावोजींनी फोनवर सांगितलं. आजारात तू इतकी वाळलीस की मी केलेली कवळी तोंडात खुळखुळते, हिरड्या सोलवटल्या आहेत आणि तू सगळं पातळ करून पेल्यातून पितेस. तिथल्या दंतवैद्याने नवी करून देतो म्हटलं, तर माझा भाऊ येईपर्यंत मी तोंड उघडणार नाही, असं तू त्याला सुनावलंस म्हणे. (सुनावण्यापुरतं उघडलं असशीलच.) ताई, त्या एका वाक्याने माझी झोप उडाली आहे. तेव्हा मी अजून का आलो नाही ते सविस्तर लिहितो. हसू आलं तर बेताने हस, कवळी सैल आहे.

यायचं ठरलं त्याच दिवशी ही म्हणाली, तिकीट काढा आणि निघा. पण सरळ वाटेने जाईन तर मी कसला. मोठ्या दुकानात सरकत्या जिन्याशेजारी बँकेची एक मुलगी टेबल मांडून बसली होती. तिच्याकडे दोन कार्डं. एक विमान कंपनीचं: खर्च कराल तसे त्या कंपनीचे मैल जमणार, मैलांवर फुकट तिकीट, शिवाय एक बॅग फुकट. दुसरं साधं प्रवासाचं: पॉइंट जमणार गोगलगायीच्या गतीने, पण विमान कुठल्याही कंपनीचं चालेल. हिचं मत साध्याला. जन्मभर एकाच दावणीला कशाला बांधून घ्यायचं, म्हणाली. (हे म्हणताना तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तो विषय वेगळा.) मी मात्र बॅगेवर भाळलो. तुझी कवळी नीट बसवायची तर प्लास्टर, मेण, चिमटे, घासायची मोटर, सगळा संसार बरोबर हवा. सही करताना मुलगी म्हणाली, काही तारखांना ब्लॅकआउट असतो, चालेल ना सर? मला वाटलं, त्या दिवशी काटकसर म्हणून विमानातले दिवे घालवत असतील. म्हटलं चालेल, मी नाहीतरी डोळे मिटूनच बसणार. ती खूप हसली. मी विनोदी माणूस आहे अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

मग मैल जमवायला लागलो. घरी खर्च करायचा म्हटलं तर ही कपाळाला आठ्या घालते, म्हणून कामाच्या खोलीसाठी प्लास्टर मागवलं. पोत्यावर पोतं. गावातल्या यच्चयावत म्हाताऱ्यांचे दात एका दिवसात पडले तरी पुरून उरेल एवढं. भिंतीला ओल होती हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. एक पोतं बसल्या जागी दगड झालं; आता त्यावर चढून मी वरच्या फळीवरचे साचे काढतो. दात कोरून पोट भरत नाही, असं ही म्हणाली. आमचा धंदाच दातांचा, त्यामुळे म्हण जरा जास्तच लागली.

अखेर पुरेसे मैल जमले. कंपनीला फोन केला, तर मला सवड होती त्या सगळ्या तारखा ब्लॅकआउटच्या. म्हटलं दिवे नसले तरी येतो. पलीकडच्या माणसाने माझं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग त्याने समजावलं की त्या तारखांना फुकटचा प्रवासीच घेत नाहीत, दिव्यांचा संबंध नाही. नव्या तारखा शोधेपर्यंत कंपनीने तुमच्या गावचं विमानच बंद केलं. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ते हेच. मग नाक मुठीत धरून हिच्या मताचं साधं कार्ड घेतलं. त्याचे पॉइंट तिकिटापुरते होईनात. चौकशी केली, तर बँकेतला मनुष्य म्हणाला, हे पॉइंट एका विमान कंपनीच्या मैलांत बदलून घ्या, फायद्यात राहाल. कुठली कंपनी ते तू ओळखलंसच. मी उठून घरी आलो. फळीवर जबडे ओळीने मांडलेले होते. त्या दिवशी एकावरही काम केलं नाही.

तर असा मी दोन कार्डांच्या मध्ये अडकलो आहे. माझ्यावर रागावू नकोस. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. हिने पत्र वाचलं. म्हणते, दुसऱ्या कंपनीचं साधं तिकीट मी पहिल्याच आठवड्यात काढून दिलं होतं, ते का नाही लिहिलंत? तर लिहितो. दिलं होतं. तारीख मीच पुढे ढकलली. दोनदा.

पुन्हा ता. क. हे हिला दाखवलेलं नाही. कार्डांचा काही दोष नाही, ताई. त्या दिवशी भावोजींनी फोन तुझ्या हातात दिला आणि तू कवळी काढूनच बोललीस. आवाज आईचा आला, तिच्या शेवटच्या दिवसांतला. काय बोललीस ते कळलं नाही, मी नुसतं हो हो म्हणत राहिलो. जन्मभर लोकांची बोळकी पाहिली, त्यांत बोटं घातली, कधी काही वाटलं नाही. तुझं मात्र मला बघवणार नाही, अशी भीती वाटते. येत्या गुरुवारी येतो आहे, बॅगेचे पैसे भरून. एकच मागणं आहे. दार तूच उघड, आणि कवळी घालून उघड. खुळखुळू दे, दुखली तर थोडं सोस. उशिरा आलो म्हणून दारातच चांगलं खडसाव मला, सगळे दात दाखवून. मग मी हात धुतो, आणि तू तोंड उघड.