एक रंगवलेला खवला

प्रिय बाईसाहेब,

हे संबोधन अजून चालेल, असे गृहीत धरतो. तुझ्या आजोबांनी काढलेले खवल्या मांजराचे चित्र माझ्या कार्यशाळेत सुखरूप पोहोचले. सोबतच्या चिठ्ठीत तू एवढेच लिहिलेस: मूल्यांकन कर, शेपटीजवळचा डाग काढ, घराबरोबर हेही विकायचे आहे.

आधी मूल्यांकन. कागद चिंध्यांच्या लगद्याचा आहे, म्हणून इतक्या वर्षांनंतरही तो तुटत नाही, वळतो. तिरप्या उजेडात धरले की प्रत्येक खवल्याभोवती टाकाच्या टोकाचा दाब दिसतो. आणि काय हात होता गं त्यांचा! डोक्याकडे खवले लहान होत जातात, पण एकही दुसऱ्यासारखा नाही. कडा पिवळ्या पडल्या त्या मागच्या पुठ्ठ्यातल्या आम्लामुळे. तो मी सोडवला. माणसांपेक्षा मी कागदांशी जास्त बोलतो, असे तू म्हणायचीस. खरे आहे, कागद उलटून बोलत नाहीत.

आता डाग. आजोबांनी एक खवला कोराच सोडला होता. त्यात आज शाळेच्या रंगपेटीतला तपकिरी रंग आहे, रेषेबाहेर ओघळलेला. खाली जुना रंग नसल्याने ओलसर कापसाचा बोळा हलकेच टेकवला तरी तो निघेल. मी रोज बोळा ओला करतो आणि तो माझ्या हातातच वाळतो.

तू तापाने झोपली होतीस, त्या दुपारी आपल्या ठमीने तो खवला रंगवला. मी ओरडायला तोंड उघडले, तर म्हणते कशी, “बाबा, त्याला तेवढ्याच जागी थंडी वाजत होती!” मी चौकटीच्या आतली पट्टी रुंद करून तो झाकला. आईला सांगायचे नाही, असे आम्हा दोघांचे ठरले. ठमी गेल्यावर तिच्या वह्या, फ्रॉक, रंगपेटी, सगळे तू देऊन टाकलेस. त्या घरात तुला श्वास घेता येत नव्हता. मी अडवले नाही. आता चित्र पाठवताना तू चौकट काढलीस, आणि तो खवला तुला डाग म्हणून दिसला.

चित्र तुझे आहे. सांगशील तर तो रंग मीच काढेन. दुसऱ्या कुणाच्या हाती मात्र देऊ नकोस. पण हात जोडतो, त्याआधी एकदा ये. भिंगाखाली दाखवतो: रंग ओला असताना तिने त्यावर बोट टेकवले होते. बोटाच्या रेषा अजून स्पष्ट आहेत. तिचे एवढेच उरले आहे, आणि पाण्याच्या एका थेंबाने ते जाईल. म्हणून मी त्यावर वाकतो, तेव्हा डोळे आधी कोरडे करून घेतो.

अजूनही तुझाच,
कागदवाला